डी अँड डीच्या पुढच्या पुरवण्यांकडून काय हवंय? (नागपूरच्या टेबलांसाठी)

कूलरसमोर

डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, हा फासे टाकत गोष्ट रंगवायचा टेबलावरचा खेळ. त्याची मूळची तिन्ही पुस्तकं नव्या रूपात येऊन झाली. प्लेयर्स हँडबुक सप्टेंबर २०२४ मध्ये, डंजन मास्टर्स गाइड त्याच वर्षी नोव्हेंबरात, मॉन्स्टर मॅन्युअल फेब्रुवारी २०२५ मध्ये. आता पुढची काही वर्षं पुरवण्यांची. त्यात काय असावं यावर ग्रुपात रोज तुकड्या-तुकड्यांत वाद होतो आणि शंभर मेसेजखाली गाडला जातो, म्हणून हा धागा.

माझी मागणी आधीच सांगून टाकते. खेळाडूंना नव्या शक्ती पुरे झाल्या, आता डीएमला (डंजन मास्टर, गोष्ट चालवणारा) नव्या अडचणी द्या.

हँडबुकात बारा क्लास (पात्रांचे पेशे) आणि ४८ सबक्लास (त्यांचे उपप्रकार) आहेत. आमच्या टेबलावरच्या पोट्ट्यांनी त्यातले पाव भागही खेळून पाहिलेले नाहीत, तरी नव्या पुस्तकाची घोषणा झाली की पहिला प्रश्न तोच, "सबक्लास कोणते आहेत?" डीएम बिचारा त्याच गुहा, तेच गॉब्लिन, तीच खानावळीतली मारामारी आलटूनपालटून वाढत बसतो.

उन्हाचंच घ्या. नियम असा की तापमान १०० फॅरनहाइट किंवा त्यावर असेल आणि प्यायला पाणी नसेल, तर दर तासाच्या शेवटी कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह (शरीर तग धरतं का ते ठरवणारा फासा) टाकायचा. पहिल्या तासाला डीसी (गाठायचा आकडा) ५, मग तासागणिक एकेक वाढत जातो. हुकला की एक्झॉशनची (थकव्याची) एक पातळी. अंगावर मध्यम किंवा जड चिलखत असेल तर डिसअ‍ॅडव्हान्टेज. म्हणजे फासा दोनदा टाकून कमी आकडा धरायचा. बस, संपला उन्हाळा. १०० फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअससुद्धा भरत नाही. मे महिन्यात पारा ३८ वर थांबला तर आपल्याकडे लोक म्हणतात, आज हवा बरी आहे.

त्यातही पहिल्या पातळीचा एक स्पेल (मंत्र), क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटर, दहा गॅलन पाणी काढून देतो. म्हणजे ३८ लिटरच्या आसपास. क्लेरिक (पुजारी) किंवा ड्रुइड (निसर्गाचा मांत्रिक) सोबत असला की अख्खं वाळवंट एका स्लॉटात (दिवसाच्या मोजक्या मंत्रांपैकी एकात) निकाली. मी पाच सेशन डोक्यात धरून आखलेला प्रवास पोट्ट्यांनी असाच चहा संपायच्या आत पार केला.

मला ऋतूंचं पुस्तक हवंय. दुपारी बारा ते चार गावं का ओस पडतात, रात्रीचा प्रवास कोण करतं, विहीर कुणाच्या मालकीची, पहिल्या पावसात कोणता रस्ता जातो आणि कोणता नाला अडवतो. हे नियमांत उतरलेलं हवंय. वर्णनाची पानं मी स्वतः लिहू शकते.

तुमचं सांगा.

तर्रीपोहे

ताई, मागणी एक नंबर, पण हे पुस्तक विकत कोण घेणार ते सांगा ना. एका टेबलावर डीएम एक आणि खेळाडू चार-पाच. कंपनीने डीएमसाठी पुस्तक काढलं तर एक प्रत खपते, सबक्लास टाकले तर पाच. म्हणूनच २०१७ चं झॅनाथार आणि २०२० चं टाशा या दोन्ही पुरवण्यांत सबक्लास ठासून भरले होते. त्यात गैर काय बे? खेळाडूलेही मजा आली पाहिजे.

आणि मी क्लेरिक खेळतो. पाणी काढतो आणि काढत राहणार. 😄

महालचा_मांत्रिक

तर्रीचं गणित बरोबर आहे, पण अर्धंच. पुस्तकं पाचांनी घेतली तरी टेबल चालतं ते त्या एकाच्या जिवावर. डीएम कंटाळला की पाचही पुस्तकं माळ्यावर. नागपुरात खेळाडू पैशाला पासरी मिळतात, डीएम मिळत नाही. सीताबर्डीला एखाद्या कॅफेत नुसतं "डीएम पाहिजे" म्हणून चिठ्ठी लावा, महिनाभर तशीच राहील.

माझी इच्छा अगदी कोरडी आहे. राक्षस-प्राणी शून्यातून बनवायचे नियम परत द्या. २०१४ च्या गाइडात तक्ता होता: या सीआरला (अवघडपणाच्या आकड्याला) एवढे हिट पॉइंट (जीव), एवढा एसी (बचाव), फेरीला एवढं डॅमेज. तो तक्ता सदोष होता हे मान्य, पण होता. २०२४ च्या गाइडात आहे तो स्टॅट ब्लॉक (प्राण्याच्या आकड्यांची चौकट) थोडाफार रंगवून वापरायची सोय ठेवली, पाया मात्र काढून घेतला. आता मी जुनं पुस्तक उघडून नव्या नियमांचे प्राणी बनवून राहिलो. चालतं, पण नव्या मॅन्युअलमधले प्राणी जास्त जोरात मारतात, त्यामुळे माझे घरचे प्राणी त्यांच्यापुढे मऊ पडतात. फक्त याच विषयाचं, उदाहरणं सोडवून दाखवणारं पुस्तक काढलं तर मी पहिल्या दिवशी घेईन. सबक्लास एकही नको.

नवीन_आहे_मी

नमस्कार. मी दोनच सेशन खेळलेय. पुरवणी नाही घेतली तर खेळता येतं ना? सगळे एवढी पुस्तकं म्हणताहेत की भीती वाटायला लागली.

महालचा_मांत्रिक

येतं ताई, आरामात. फाशांचा एक संच आणि फुकट मिळणारे मूळ नियम, एवढ्यावर वर्ष काढता येतं. आम्ही इथे भरल्या पोटी भांडतोय.

जुना_खेळाडू

कूलरसमोर यांनी जे मागितलं ते एकदा येऊन गेलं आहे. डार्क सन, १९९१, डी अँड डीचंच. अथास नावाचं जग, समुद्र आटलेला, धातू इतका दुर्मीळ की तलवारी हाडाच्या आणि ऑब्सिडियनच्या. मुख्य म्हणजे तिथे जादू फुकट नाही. मांत्रिकाने स्पेल टाकला की त्याची ताकद आसपासच्या झाडाझुडपांतून ओढली जाते आणि जमिनीची राख होते. सांभाळून, हळू ओढणारेही असतात, पण घाईत असलेला मांत्रिक शेत जाळून मोकळा होतो. गावकरी मांत्रिकाला दगड का मारतात हे तिथे समजावून सांगावं लागत नाही.

त्या जगात पाण्याचा एक घडा हा खजिना. आजच्या नियमांत ते जग आणायचं तर पहिल्यांदा तुमचा तो पाण्याचा स्पेल कापावा लागेल.

२०२५ मध्ये सायन हा मनःशक्तीचा क्लास चाचणीसाठी खुला केला तेव्हा माझ्या वयाच्या सगळ्यांचे कान टवकारले, कारण मनःशक्ती आणि अथास यांची जोडी जुनी. येईल का, ते सांगता येत नाही. त्या जगात गुलामगिरी सगळीकडे आहे, आणि आजचा प्रकाशक तिला हात लावायला कचरतो.

इतवारीची_एल्फ

काका, कचरतो ते बरोबरच करतो असं मला वाटतं. गुलामांचा बाजार वर्णनाला रंग यावा म्हणून ठेवणार असतील तर नको. पण तो मोडायचा कसा, याचे नियम देणार असतील तर माझी हरकत नाही. साखळ्या तोडल्यावर हजार माणसांना पाणी कुठून देणार? हा प्रश्न कोणत्याही ड्रॅगनपेक्षा भारी आहे.

जुना_खेळाडू

हे पटलं. हजार माणसं आणि एक विहीर. पाच सेशन सहज जातील, आणि इथे तर्रीचा क्लेरिकही पुरा पडणार नाही.

तर्रीपोहे

काका तुम्ही पण 😭

सोनेरी_फासा

पुस्तकात काय असावं ते नंतर. आधी ते परवडावं. हँडबुकची छापील किंमत ४९.९९ डॉलर. त्यावर जहाज, जकात, दुकानदार. महिन्याचा मेसचा हिशोब आणि हे पुस्तक शेजारी ठेवलं की पुस्तक हरतं. बरं, पाचव्या आवृत्तीच्या पुस्तकांची अधिकृत पीडीएफ कंपनी विकत नाही, डिजिटल म्हणजे त्यांच्याच संकेतस्थळावर वाचायचं. मी एकदा बाहेरून मागवलं होतं, तर खोक्याचा कोपरा चेपून पुस्तकाचा कणाच मोडून आला. विकणारा म्हणे, वाचता येतंय ना?

मला ३०-४० पानी पातळ पुस्तिका हव्यात. एक विषय, एक पुस्तिका. पाण्यावर एक, मिरवणुकीवर एक, किल्ल्याच्या वेढ्यावर एक. ज्याला जे लागेल ते त्याने घ्यावं.

जुना_खेळाडू

जुन्या काळी साहसकथा ३२ पानांच्या आसपासच असायच्या. सुटं पुठ्ठ्याचं कव्हर, आतल्या बाजूला नकाशा. ते कव्हर उभं केलं की डीएमचा पडदा. २०२५ च्या नव्या स्टार्टर सेटने सीमेवरच्या किल्ल्याची तीच जुनी गोष्ट पुन्हा घेतली आहे, हे उगाच नाही.

बाकी पातळ म्हणजे चांगलं असंही नाही हो. २०२२ चा स्पेलजॅमर आठवा. ६४-६४ पानांची तीन पुस्तकं एका खोक्यात. अंतराळात उडणारी जहाजं दिली, त्यांची चित्रं दिली, आणि जहाजाने जहाजाशी लढायचं कसं यावर जवळजवळ काहीच नाही. जवळ जा आणि उडी मारून चढा, एवढाच सल्ला.

पुणेरी_ड्रुइड

वाचतो आहे. एक नम्र शंका. तुम्ही ज्या गोष्टी मागताय त्यातल्या निम्म्या पाथफाइंडर या वेगळ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत (२०१९) आहेत, आणि तिचे सगळे नियम आर्काइव्हज ऑफ नेथिस या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. कायदेशीर. प्राणी बनवायचे तक्तेही आहेत. मग एकाच दुकानापुढे रांग का?

महालचा_मांत्रिक

आले पुण्याहून.

पुणेरी_ड्रुइड

नोकरी हिंगण्याला आहे, राहायला प्रतापनगरला. पाच उन्हाळे काढलेत. आता तरी नागपूरकर म्हणा.

तर्रीपोहे

उन्हाळे काढले म्हणजे सेव्ह पास झाले, झाले नागपूरकर. 😄 पण भाऊ, पाथफाइंडरमध्ये प्रत्येक गोष्टीला नियम आहे हेच तर दुखणं. माझ्या टेबलावरचे लोक ऑफिस सुटल्यावर येतात. त्यांना दर फेरीला तीन अ‍ॅक्शनचा हिशोब सांगितला तर जेवायला निघून जातील.

इतवारीची_एल्फ

पुणेरी यांचा एक मुद्दा मात्र मी उचलते. पाथफाइंडरच्या जगात जलमेरे नावाचा प्रदेश आहे, भारतीय उपखंडावरून घेतलेला. २०२२ च्या इम्पॉसिबल लँड्स या पुरवणीत त्याला बरीच जागा मिळाली, वानर वगैरे वंशही आले. डी अँड डीकडून त्याच वर्षी जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल आलं. त्यातल्या तेरा साहसकथांपैकी मिमी मोंडल यांची मणिवर्षाची कथा बंगालच्या मातीतली आहे. नद्या, धुकं, गाव. मी ती चालवली आहे. चांगली आहे, पण छोटी आहे, आणि तेवढ्यावरच थांबली.

म्हणून मला भारताची पुरवणी हवी का? लगेच हो म्हणवत नाही. १९८५ चं ओरिएंटल अ‍ॅडव्हेंचर्स आठवतं. अख्खा पूर्व आशिया एका पातेल्यात ढवळलेला. तसंच आपलं झालं तर केरळचा मंत्र, राजस्थानचा किल्ला, बंगालची नदी आणि वर वाघाच्या डोक्याचा राक्षस. तो तर पहिल्यापासून तसाच आहे, तळवे उलटे, हातात पाइप. माझ्या आजीच्या गोष्टीतला एकही राक्षस पाइप ओढत नव्हता.

मला लहान प्रदेश हवाय. आपल्या आसपासचंच बघा. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह, १७०२ च्या सुमारास बारा वाड्या एकत्र करून शहर वसवतो. राजापूर बारसा. बारा वाड्या म्हणजे बारा ग्रामदैवतं, बारा पाणवठे, बारा भांडणं, आणि सगळ्यांना एका तटाच्या आत आणायचंय. खेळाडूंना राजाचे दूत करा, झालं कॅम्पेन. त्याआधीचं हवं तर काटोल रोडला जुनापाणीची शिलावर्तुळं आहेत, सुमारे तीनशे, लोहयुगातली. माहुरझरीला मेलेल्या माणसांबरोबर घोडे पुरलेले सापडले, घोड्यांच्या डोक्यावर तांब्याचे दागिने. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी. परदेशी लेखकाला हे सुचणं कठीणच, पण आपल्यालाही सुचत नाही याचं मला जास्त वाईट वाटतं. आपल्या टेबलावर अजून सगळी गावं इंग्लंडातली असतात आणि खानावळीत मटणाचा स्टू मिळतो.

सोनेरी_फासा

माझ्या टेबलावर खानावळीत सावजी मिळतं. पहिल्या घासाला कॉन सेव्ह.

पेंचचा_पाहुणा

उशिरा आलो, पण प्राण्यांवर बोलायचंय.

नव्या मॅन्युअलमध्ये पाचशेवर प्राणी आहेत. प्रत्येकाचा अधिवास लिहिलाय, खजिना कोणत्या प्रकारचा तेही. छान. पण प्राणी वागतो कसा? बहुतेक प्राणी पुस्तकातून बाहेर येतात ते थेट इनिशिएटिव्हच्या (लढाईतल्या पाळीच्या) रांगेत उभे राहतात.

जंगलात असं होत नाही. मी उन्हाळ्यात पेंचला जातो तेव्हा पहिला अर्धा तास वाघ दिसतच नाही, ऐकू येतो. तोही स्वतः नाही, बाकीच्यांच्या तोंडून. आधी झाडावरचं वानर खाकरतं. मग चितळ, तीक्ष्ण, एका सुरात. चितळ घाबरट, ते कशालाही ओरडतं, त्यामुळे गाइड नुसता मान वर करतो. सांबराने हाक दिली की मात्र जिप्सीचं इंजिन बंद, कारण सांबर सहसा खोटं बोलत नाही. आणि एप्रिल-मेमध्ये सगळ्यांना शेवटी पाणवठ्यावर यावंच लागतं. शिकारी आणि शिकार दोघांनाही.

हेच मला पुरवणीत हवंय. प्रत्येक मोठ्या प्राण्याआधी त्याच्या तीन खुणा. तो केव्हा पाण्यावर येतो, कशाने बुजतो, पोट भरलेलं असताना काय करतो. आउलबेअरला (घुबड-अस्वलाला) मारायचं नसेल तर वळवायचं कसं? आमच्या टेबलावर मी चितळ-सांबराची युक्ती वापरली. जंगलात तीन हाका ठेवल्या, तिसरी हाक झाली की प्राणी साठ फुटांवर. दुसऱ्या हाकेला पोट्टे आपोआप आवाज खाली करून बोलायला लागले. एकानेही पात्राच्या शीटकडे पाहिलं नाही.

कूलरसमोर

पाहुणे, तिसऱ्या हाकेचा नियम मी चोरणार आहे.

आता मी मारबतीचं सांगते, कारण नव्या अडचणी म्हणजे नेमकं काय ते त्यावरून कळेल. पुणेरींसाठी: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारी-महालच्या गल्ल्यांतून काळी आणि पिवळी मारबत निघते. मोठाले पुतळे, सोबत बडगे, म्हणजे त्या वर्षी लोक ज्याच्यावर चिडले असतील त्याचे पुतळे. आणि आरोळी: इडा पिडा घेऊन जा गे मारबत. शेवटी गावाबाहेर नेऊन जाळतात. १८८० च्या दशकापासून चालू आहे.

मी हे घेऊन एक सेशन लिहिलं. शहरात ताप पसरलाय, आणि चौकात बांबू-कागदाची एक बाई उभी आहे, रोज थोडी उंच होतेय. पोट्ट्यांनी अर्थातच तलवारी काढल्या. हिट पॉइंट नाहीतच. वार केला की फाटलेल्या कागदातून ताप बाहेर पडतो आणि शेजारच्या तीन घरांत शिरतो. दोन वारांनंतर ते थांबले आणि पहिल्यांदा लोकांशी बोलायला गेले.

नियम असा ठेवला की दारोदार जाऊन लोकांची पिडा मागायची. नुसतं "बरं वाटत नाही" चालत नाही, माणसाने ती नाव घेऊन सांगितली पाहिजे. सासूने सांगितली, सावकाराने लपवली, एका पोराने सांगितलं की त्याला बापाची भीती वाटते. प्रत्येक पिडा तिच्या अंगावर बांधली की तिचं वजन वाढतं. मग तिला उचलून वेशीबाहेर न्यायची. गल्ली अरुंद, वजन बारा जणांचं, खेळाडू चार. म्हणजे ज्यांची पिडा घेतली त्यांनाच खांदा द्यायला बोलवावं लागतं. सावकार आला नाही. त्याच्या वाड्यापुढे मिरवणूक अडली आणि तिथे खरं सेशन झालं.

यात एकही नवा सबक्लास लागला नाही. पण हे सगळं मला शून्यातून बनवावं लागलं, कारण मारून न संपणाऱ्या संकटाचा साचा गाइडात नाही. सापळे आहेत, शाप आहेत, रोग आहेत. पण बऱ्याच रोगांना लेसर रेस्टोरेशन हा बरं करणारा स्पेल आहे, की झालं.

तर्रीपोहे

ताई, हे वाचून मी गप्प. सावकाराचं काय झालं?

कूलरसमोर

अजून चालू आहे. त्याचा वाडा आता पार्टीला (खेळाडूंच्या टोळीला) हवाय, बॅस्टियन म्हणून.

महालचा_मांत्रिक

बॅस्टियन! हे राहिलंच होतं. नव्या गाइडातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. पाचव्या पातळीला खेळाडूला स्वतःचं ठाणं मिळतं, दर सात दिवसांनी त्याची एक पाळी. पण खोल्या सगळ्या युरोपी किल्ल्यातल्या. मला चौक हवा, तळघर हवं, पागा हवी, आड हवा. दिवाणखान्यात बसणारे आश्रित हवेत, जे खातात आणि बातम्या आणतात. मुख्य तक्रार म्हणजे ठाणं आणि आसपासचं गाव यांचा काही संबंध नाही. खोलीला हुकूम द्या, सात दिवसांनी माल घ्या. गावाशी देणंघेणं जोडणारी पुरवणी आली तर खेळाडूही घेतील आणि डीएमही. तर्रीचं पाच प्रतींचं गणितही सुटेल.

तर्रीपोहे

हे मात्र मी घेईन. माझं देऊळ असेल, त्यात प्याऊ असेल, पाणी मी काढून राहीन. शांतपणे.

पुणेरी_ड्रुइड

नोव्हेंबर २०२५ मध्ये फॉरगॉटन रेल्म्स या जगाची दोन पुस्तकं वेगवेगळी काढली, एक खेळाडूंचं आणि एक डीएमचं. डीएमच्या पुस्तकात पन्नासेक छोट्या साहसकथा आहेत, एका बैठकीत संपतील अशा. म्हणजे तुम्ही म्हणताय ती हवा थोडी तिकडेही लागलीय. सगळाच दोष देऊ नका.

इतवारीची_एल्फ

लागलीय, मान्य. छोट्या कथा मला खूप उपयोगी पडल्या. पण त्या कथांतही शेवटचं दार बहुतेक वेळा तलवारीनेच उघडतं.

बरं, एक विचारू? आपण वाट कशाची बघतोय? २०२३ च्या जानेवारीत, त्यांच्या नियमांवर इतरांनी लिहायच्या परवान्यावरून एवढं रामायण झालं, त्यानंतर त्यांनी ५.१ चा, म्हणजे जुन्या नियमांचा, संच क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यात खुला केला. एप्रिल २०२५ मध्ये ५.२, म्हणजे नवे नियमही. श्रेय दिलं की आपण त्यावर लिहू शकतो, छापू शकतो, विकूसुद्धा शकतो. बीहोल्डर, माइंड फ्लेअर हे त्यांचे खास प्राणी त्यात नाहीत, फॉरगॉटन रेल्म्समधल्या फेरूनची गावं नाहीत. कुणाला हवीत?

सोनेरी_फासा

३२ पानं, ए-फाइव्ह, काळी-पांढरी. बर्डीला छापून घेऊ. मी पीडीएफ लावून देतो, पैसे नको, मला फक्त पुस्तिका हातात हवी.

पेंचचा_पाहुणा

हाका आणि पाणवठे माझ्याकडे. बारा प्राणी देतो, प्रत्येकी अर्धं पान.

कूलरसमोर

मी ऊन घेते. कच्चा मसुदा इथेच टाकते, फाडा.

एक, सेव्ह पाणी असलं तरी टाकायचा, पण पाणी असेल तर डीसी पाचवरच राहतो, वाढत नाही. दोन, दुपारी सावलीत थांबलं तर सेव्ह नाही, पण दिवसाचं अंतर निम्मं. रात्री चाललं तर अंतर पूर्ण आणि पाहुण्यांचा हाकांचा तक्ता लागू. तीन, पाण्याचा स्पेल राहू द्यायचा. तो काढून घेणं म्हणजे तर्रीवर सूड आहे. पण मूळ स्पेलमध्येच लिहिलंय की पाणी उघड्या भांड्यात पडतं. भांडं दाखवा. ३८ लिटर म्हणजे ३८ किलो, कोण उचलणार, बैल की फायटर (लढवय्या)? आणि २०१४ च्या नियमाने माणसाला दिवसाला एक गॅलन, उन्हात दोन. पाच जणांना एक स्लॉट बरोबर एक दिवस पुरतो. सोबत बैल असेल तर तोही पुरत नाही.

तर्रीपोहे

भांड्याचं मंजूर. पण गावात गेल्यावर मी फुकट पाणी वाटून राहिलो तर? लोक माझ्यामागे येतील ना.

जुना_खेळाडू

येतील. आणि विहिरीचा मालकही येईल. त्याचा धंदा बसला. तिथेच तुझी खरी अडचण सुरू होते, स्पेल कापायची गरजच नाही. मी म्हणालो होतो कापा, आता तसं म्हणत नाही.

मालकासाठी स्टॅट ब्लॉक लागेल. गावचा माणूस म्हणून साधा ठेवायचा का?

इतवारीची_एल्फ

काका, खुल्या नियमसंचात राक्षस आहे. सीआर १३. वेष हवा तेव्हा बदलतो. वाघाचं डोकं लपवून ठेवू, दिसायला धोतर-टोपीतला भला माणूस, दरवर्षी पाणपोईला देणगी देतो. नव्या नियमात त्याच्यावर बहुतेक स्पेल चालत नाहीत, आणि तो ज्याला खरा घाबरतो ते म्हणजे ब्लेस हा आशीर्वादाचा स्पेल मिळालेल्या माणसाच्या हातातलं टोकदार हत्यार.

तर्रीपोहे

ब्लेस क्लेरिककडे असतो.

कूलरसमोर

असतो. आणि त्यालाही स्लॉट लागतो. पाणी काढलंस तर ब्लेस कमी, ब्लेस राखलास तर गाव तहानलेलं. किती स्लॉट शिल्लक ठेवून गावात शिरतोस ते पुढच्या शनिवारी ठरव. मसुदा चालवून पाहू, धरमपेठला, संध्याकाळी सातनंतर. त्याआधी कूलरला पाणी भरायला कुणीतरी लवकर या.